माईकदादांचं गोड पाणी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर लपवून ठेवल्यासारखं वाटेल.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागून मला दोन आठवडे झाले होते. शिरेत सुई घालायला हात बसला होता, तोंडाला लगाम बसायचा बाकी होता. आमच्याकडे पेशंटला नंबरानं बोलवायची पद्धत. "सतरा नंबर, आत या." बस्स. ना नाव, ना तपासणी. लॅबच्या मालकीण डॉक्टर, ज्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना एकमेकांचे आजार कळता कामा नयेत. कळले तर तुझी नोकरी आजारी पडेल."

त्या सकाळी सतरा नंबरची चिठ्ठी घेऊन मी बाहेर डोकावलो आणि हरखलोच. बाकाच्या टोकाला माईकदादा बसले होते. माईकदादा म्हणजे बसस्थानकावर घोषणा करणारा माणूस. शाळेची सात वर्षं मी त्यांच्या आवाजाच्या भरवशावर गाडी पकडली होती. माणूस मात्र लांबूनच पाहिलेला, केबिनच्या काचेमागे. जवळून बघितला तर बुटका, डोळ्यांखाली सूज, हातात टोपी चुरगाळत बसलेला. एवढ्या आवाजाला एवढंसं शरीर पुरतं कसं, असं वाटून गेलं.

आणि माझ्या अंगात आलं. नाक जरा चिमटीत धरून मी त्यांच्याच थाटात सुरू झालो, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! टेस्टोस्टेरॉन तपासणीसाठी निघालेले आपले सर्वांचे लाडके माईकदादा खिडकी क्रमांक दोनवर येत आहेत!"

बाकावरची सातआठ माणसं हसली. आवाजाची नक्कल बरी जमली होती, ते आजही मान्य करतो. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेजारच्याला विचारलं, "टेस्टो काय म्हणाला?"

शेजारी किराणा दुकानदार होता. त्याला सगळ्याच मालाची माहिती. "अहो, ते पुरुषांचं असतं ते. पोरंबाळं होत नाहीत तेव्हा बघतात."

हसू बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत विझत गेलं. माईकदादा उठले. टोपी डोक्यावर नीट बसवली. आणि ज्या आवाजात मी सात वर्षं गाड्यांची वेळ ऐकली होती, त्याच संथ, स्वच्छ आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. ही गाडी अपरिहार्य कारणामुळे रद्द करण्यात आली आहे."

दार हळूच लावून घेतलं आणि गेले. पुन्हा आले ते आठ महिन्यांनी. हे आठ महिने लक्षात ठेवा. मला ठेवावे लागतात.

त्या आठ महिन्यांत मी त्यांच्याबद्दल जे जे कळेल ते गोळा केलं. अपराधी माणसाला चौकशीची फार हौस असते. हे गृहस्थ मुळात बसस्थानकात पार्सलं उचलायला लागलेले. जुन्या घोषणावाल्याला एक दिवस खोकल्याची उबळ आली, गाडी सुटायची वेळ झालेली, तेव्हा डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून यांनी माईक हातात घेतला. गाठोडं तिथेच राहिलं, माईक वीस वर्षं राहिला. त्यांची घोषणा नुसती घोषणा नसायची. गाडी उशिरा येणार असेल तर "चाळीस मिनिटं उशीर आहे, बसून घ्या, उभं राहिलं म्हणून गाडी लवकर येत नाही," असं सांगायचे. धावत येणारी म्हातारी काचेतून दिसली, की शेवटचं वाक्य मुद्दाम लांबवायचे. घोषणा संपल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा ड्रायव्हरांचा शिरस्ता होता. त्यामुळे एकेका म्हातारीमागे गावाचं नाव दहा सेकंद लांब व्हायचं.

असा गळा सांभाळायचा म्हणजे साधं काम नव्हे. त्यासाठी त्यांच्याकडे दोन वस्तू. एक, शाळकरी पोरांची असते तशी पत्र्याची कंपासपेटी. तिच्यात कर्कटक नाही, ज्येष्ठमधाच्या काड्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गालात एक काडी असायचीच. दुसरी वस्तू, निळा थर्मास. त्यात ज्येष्ठमध उकळलेलं गोड पाणी. ते पाणी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, रोज पहाटे उकळून भरून द्यायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत थर्मासचं बूच तीनदा बदललं, थर्मास एकदाही चुकला नाही.

आणि मूल झालं नव्हतं.

आठ महिन्यांनी ते आले ते सकाळी सातला, लॅबचं शटर अर्धं वर असताना, वाकून. बाकावर कुणी नव्हतं म्हणूनच ती वेळ निवडलेली. केबिनचा जिना चढताना पाय लटपटून दोनदा बसकण मारली होती. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रेशर बघितलं तर वरचा आकडा एकशे सत्तर. त्यांनी तपासण्यांची यादी दिली आणि खाली ती जुनी, रद्द झालेली तपासणीही लिहून दिली.

मी यादी टेबलावर ठेवली. "काका, त्या दिवशी माझं..."

"काका कुणाला म्हणतोस रे? आधी बाप होऊ दे मला. मग काका, मामा काय व्हायचं ते होतो."

"दादा, चुकलो."

"चुकलास तर आहेसच." त्यांनी बाही वर केली. "वीस वर्षांत माझा माईक दुसऱ्या कुणी वापरला नाही. तू न विचारता वापरलास. तेव्हा एक घोषणा तू माझं देणं लागतोस. पोर झालं की केबिनमध्ये यायचं आणि सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं सांगायचं. मुलगा की मुलगी, वजन किती, सगळं. नाक चिमटीत न धरता."

"दिलं वचन."

"मग घाल सुई."

मी अर्ज भरायला घेतला. "उपाशीपोटी आहात ना?"

"काल रात्रीपासून."

"काही औषध चालू आहे?"

"प्रेशरची गोळी आजपासून. बाकी काही नाही."

मी रकान्यात 'काही नाही' लिहिलं. लिहिताना त्यांच्या उजव्या गालात काडी होती. मला दिसत होती. मीही तिला खाणं समजलो नाही, औषधही नाही. जसा चष्मा, जशी टोपी, तशी माईकदादांची काडी.

दुपारी आकडे आले. टेस्टोस्टेरॉन दोनशे बारा. सकाळच्या रक्तात ते निदान तीनशेच्या आसपास तरी हवं. आणि पोटॅशियम दोन पूर्णांक नऊ, जे साडेतीनच्या खाली जायला नको. मला वाटलं, माझाच काहीतरी घोळ. मॅडमना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "घोळ घातलास तर पोटॅशियम वाढलेलं दिसतं. रक्तपेशी फुटतात, आतलं बाहेर येतं. कमी दिसलं तर ते खरंच कमी आहे. जुलाब होतात का त्यांना?"

"नाही."

"पाणी काढून टाकायच्या गोळ्या?"

"नाही. काहीच नाही घेत. गालात ती काडी असते तेवढीच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कसली काडी?"

संध्याकाळी त्यांना बोलावून घेतलं. मॅडमनी फोनवरून त्यांच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. माईकदादा खुर्चीत अवघडून बसले, थर्मास मांडीवर.

"दिवसाला किती काड्या होतात?" मॅडमनी विचारलं.

"मोजल्या नाहीत कधी. आठ, दहा. आणि हे पाणी."

"हे पाणी म्हणजे?"

त्यांनी बूच उघडून दाखवलं. खोलीभर गोडूस वास पसरला. मॅडमनी बूच स्वतःच्या हातानं पुन्हा लावलं. मग त्यांनी समजवायला घेतलं, पण रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं नाही. त्यांना समोरच्या माणसाच्या धंद्यातून बोलायची सवय आहे.

"तुमच्या डेपोतून रिकामी गाडी सुटते ना, तसं धरा. कोलेस्टेरॉल म्हणजे ती गाडी. ज्याच्या नावानं सगळे बोटं मोडतात ना, तेच. पण पुरुषाचे, बाईचे, ताणाचे असे कितीतरी हार्मोन शरीर त्याच्यापासूनच बनवतं. गाडी तीच. थांब्याथांब्यावर एकेक कामगार उभा असतो, तो पाटी बदलतो. त्या कामगाराला आम्ही एन्झाइम म्हणतो. चारपाच पाट्या बदलल्या, की शेवटच्या पाटीवर नाव येतं टेस्टोस्टेरॉन."

"बरं."

"ज्येष्ठमधात एक गोड द्रव्य असतं. ते पोटात गेलं, की शेवटच्या थांब्यांवरचे कामगार ढिले पडतात. गाडी येते, उभी राहते, पाटी काही बदलत नाही."

माईकदादा सावकाश म्हणाले, "म्हणजे गाडी लागलीय, प्रवासी बसलेत, आणि पाटी बदलणारा झोपलाय."

"अगदी. आणि दुसरा एक कामगार मूत्रपिंडाच्या फाटकावर असतो. ताणाचं जे हार्मोन आहे ना, कॉर्टिसॉल, ते फाटकाशी आलं की त्याची पाटी उतरवून त्याला गप्प बसवायचं, एवढंच याचं काम. ज्येष्ठमधानं तोही झोपला. मग कॉर्टिसॉल आत शिरतं आणि भलत्याच साहेबाच्या खुर्चीत बसून हुकूम सोडतं. मीठ धरून ठेवा, पोटॅशियम फेकून द्या. म्हणून प्रेशर, म्हणून डोळ्यांखाली सूज, म्हणून पाय लटपटतात."

"आणि मूल?"

मॅडम जपून बोलल्या. "सगळं यामुळेच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कधीमधी एखादी काडी चघळून काही होत नाही. वर्षानुवर्षं, रोज, एवढं म्हटल्यावर होऊ शकतं. बंद केलंत तर कामगार जागे होतात, तेवढं नक्की. आकडा वर येईल. पुरुषाचं बीज नव्यानं तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, तेवढा धीर धरा."

ते बराच वेळ थर्मासच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मला वाटलं, नोकरीचा विचार करतायत. स्थानकात ध्वनिमुद्रित आवाजाचं यंत्र बसवायची चर्चा सुरू झालीच होती, आणि ज्येष्ठमध सोडलं तर त्यांचा गळा किती दिवस टिकेल ते सांगता येत नव्हतं. पण ते म्हणाले, "घरी एवढं कळू देऊ नका."

"का?"

"पाणी ती उकळते, मॅडम. अकरा वर्षं. हार्मोनच्या नावानं अकरा वर्षं तिच्याच पोटात सुया, तिच्याच गोळ्या. आणि कळलं की रोज पहाटे उठून ती स्वतःच्या हातानं..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. ज्या माणसानं आयुष्यात एक घोषणा अर्धी सोडली नव्हती, त्यानं.

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या तोंडाला कुलूप."

मी मान हलवली. या वेळी मला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काड्या सोडल्या. कंपासपेटीत लवंगा आल्या. थर्मास मात्र घरून तसाच भरून यायचा आणि ते केबिनच्या मागच्या बाजूला जाऊन बदामाच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायचे. एकदा मी तिथे होतो, तर म्हणाले, "या झाडाला आता फळ धरायचं नाही बघ." आणि हसले. हसताना आवाज फाटला.

दीड महिन्यात गळा बसला. आधी शेवटची अक्षरं जायला लागली, मग गावांची नावं. फलाटावर लोक एकमेकांना विचारायला लागले, "काय म्हणाले?" स्थानकप्रमुख भला माणूस होता, पण त्याला निमित्त मिळालं. यंत्र आलं. बाईचा गोड आवाज, कुठल्याच म्हातारीसाठी न थांबणारा. माईकदादांना हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. ते म्हणाले, "आकडा वर येणार आहे ना? मग जाऊ दे माईक."

प्रेशर उतरलं होतं, पाय ठीक झाले होते. आकड्याची ते तीन महिने अशी वाट बघत होते, जशी लोक वीस वर्षं त्यांच्या तोंडाकडे बघत आले होते.

तीन महिन्यांनी ते आणि वहिनी एकाच सकाळी आले. वहिनींच्या डॉक्टरांनीही पुढचं काही करायच्या आधी त्यांची नवी तपासणी मागितली होती. वहिनी शाळेचे गणवेश शिवायच्या. उंच, हाडकुळ्या, बोटांना सुईचे डाग. काखेतली फाइल उशीएवढी जाड. माईकदादांच्या नावाचे कागद त्यात दोनच.

"तुझी सुई माझ्या सुईपेक्षा जाड आहे रे," त्या हात पुढे करून म्हणाल्या. "पण टाका सरळ घालतोस."

"वहिनी, मूठ घट्ट करा."

माईकदादा शेजारच्या खोलीत मॅडमकडे प्रेशर बघून घेत होते. वहिनी आवाज बारीक करून म्हणाल्या, "यांच्या गळ्याला काय झालं असेल रे? तू तपासण्या करतोस, तुला कळत असेल. मी हल्ली पाण्यात ज्येष्ठमध दुप्पट घालते. तरी आवाज काही सुटत नाही."

नळीत रक्त भरत होतं. मी नळीकडेच बघत राहिलो. "वयानं होतं तसं," मी म्हणालो.

"वयानं." त्यांनी मान डोलावली. "परवा मला चाळीस पूर्ण झाली."

दुपारी एकाच प्रिंटरमधून दोन कागद एकामागोमाग आले. पहिला माईकदादांचा. टेस्टोस्टेरॉन चारशे अठ्ठावन्न. मी खुर्चीतून उठलोच. वाटलं, आत्ताच्या आत्ता बसस्थानक गाठावं. मग दुसरा कागद बाहेर सरकला. बाईच्या शरीरात अंड्यांचा साठा किती उरलाय, त्याचा अंदाज देणारा तो आकडा. शून्यानंतर टिंब, आणि टिंबानंतर पुन्हा शून्य.

मॅडमनी वहिनींची फाइल उघडून मागचे कागद काढले. वर्षापूर्वीचा आकडा चांगला नव्हता, पण होता. त्याच्या खाली त्यांच्या डॉक्टरांनी हातानं लिहिलं होतं, 'वर्षभरात प्रयत्न करावा. पतीची तपासणी तातडीनं.' तारीख मी वाचली. मी नाक चिमटीत धरून घोषणा केली, त्याच्या दोन दिवस आधीची.

"मॅडम, ते आठ महिने..."

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा त्यांचं रक्त मिळालं असतं तरी काडी कुणाच्या ध्यानात आली असती का, माहीत नाही. आली असती तरी मूल झालं असतं का, तेही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तू कागद पाकिटात घाल."

मी दोन पाकिटं केली. एकावर एक ठेवली. मग सुटी केली.

पुढे वहिनींच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबलेलं बरं. वहिनी ते ऐकून घरी गेल्या आणि संध्याकाळपर्यंत मशीन चालवत बसल्या, शाळा सुरू व्हायला चारच दिवस राहिले होते. हे मला माईकदादांनी सांगितलं, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. तिथे कप्प्यांमध्ये छत्र्या, डबे, एकेक चप्पल, आणि मधोमध ते. टेबलावर निळा थर्मास.

"अजून भरून देतात?" मी विचारलं.

"देते ना."

"आणि तुम्ही ओतता?"

"माईक गेला, ते तिला पटतं. पण गळा सुटेल अशी आशा आहे तिला. ती एक तरी राहू दे." त्यांनी थर्मास हलवून बघितला, मग बाजूला ठेवला. "सांगितलं नाही मी. सांगणारही नाही. तिला वाटतं, दोष सगळा तिच्याच पोटाचा. आणि सांगितलं तर वाटेल, तिच्याच हाताचा. कुठल्या फलाटावर सोडू तिला, सांग."

बाहेर यंत्रातली बाई डोंगरापलीकडची गाडी दोन नंबरवर लागल्याचं सांगत होती. ती तीन नंबरवर उभी होती, खिडकीतून दिसत होतं. एक बाई दोन पिशव्या घेऊन दोनकडे पळत होती. माईकदादा अर्धवट उठले, तोंड उघडलं, घशातून नुसती खरखर आली. मी दाराबाहेर जाऊन हात हलवून तिला तीनकडे पाठवलं.

परत आलो तर ते खुर्चीत बसलेले, कंपासपेटीचं झाकण उघडझाप करत.

"दादा, ती घोषणा..." मी म्हणालो. पुढे काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं.

"कसली घोषणा? माईक काढून नेला त्यांनी. वायरी तेवढ्या लोंबतायत."

"तरी पण. मी देणं लागतो."

"लागतोस," ते म्हणाले. "ते मी सोडलेलं नाही."

मग त्यांनी एक लवंग माझ्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या गालात धरली. एका शाळकरी मुलीची हरवलेली छत्री शोधायला कुणी आलं, म्हणून ते उठले. मी थर्मास उचलला आणि जाता जाता बदामाच्या बुंध्याशी रिकामा करून आणून ठेवला.